आठव्या इनिंगमधला दगड

हे मी शालनला सांगितलं नाही. तसं कुणालाच नाही, पण बाकीच्यांचं सोडा. जिच्याबरोबर एक्केचाळीस वर्षं काढली, जिला माझ्या पोटातलं दुखणं माझ्याआधी कळायचं, तिला हे सांगितलं नाही. गेल्या मार्चमध्ये ती गेली. आता घरात ऐकणारं कुणी नाही, म्हणून कागदाला सांगतोय, आणि तुम्हाला. माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन बघायचं असेल तर इथंच थांबा.

पण आधी तो उन्हाळा सांगू द्या. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आणि खरं सांगू का — तो आठवला की अजून माझे तळहात गरम होतात. सात वर्षं झाली. बायको गेली. गुडघे गेले. तरी चेंडू टाकायला डॅरिल हात मागं घेऊन उभा राहिलेला डोळ्यांपुढं आला की मी खुर्चीत पुढं सरकतो. म्हातारपणी असं होऊ नये, पण होतं.

मी तासगावकडचा. लेथवर काम करायचो. चौऱ्याहत्तर साली इथं लंडनला आलो — ते राणीचं लंडन नव्हे, ऑन्टारिओतलं — आणि गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात लागलो. पुढं मला तपासणीला बसवलं. पार्ट हातात घ्यायचा, गेज लावायचा, पास की नापास ते सांगायचं. केसभर फरक असला तरी नापास. त्या कामात माझा शब्द शेवटचा होता. फोरमनसुद्धा वाद घालायचा नाही.

कारखान्यातल्या लोकांची बेसबॉलची टीम होती. म्हणजे नंतर ती गावाचीच झाली — छपरं घालणारे, प्लंबर, एक शाळेचा मास्तर, असे वाढलेले बाप्ये दर रविवारी आजूबाजूच्या गावांशी खेळायचे. त्यांचा स्कोअर लिहिणारी म्हातारी मुलाकडं राहायला गेली. त्यांना असा माणूस हवा होता जो तीन तास एका जागी बसेल आणि बिअर पिणार नाही. माझी पात्रता तेवढीच. गावाकडं टेनिस बॉलच्या क्रिकेटचा स्कोअर मी लिहायचोच. आणि या खेळाचा स्कोअर लिहायला इंग्रजी लागत नाही, हे कळल्यावर तर मी खूशच झालो. सगळे नंबर. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, तो एक, कॅचर दोन, पहिल्या बेसवरचा तीन. मैदानाचे चार कोपरे ते बेस, चारही फिरून आलं की एक रन. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये जो उभा राहतो तो शॉर्टस्टॉप, त्याचा नंबर सहा. शॉर्टस्टॉपनं जमिनीवरून आलेला चेंडू उचलून पहिल्या बेसवर फेकला आणि बॅटवाला बाद झाला, की लिहायचं सहा-तीन. झालं. चौथी पास माणसाला जमण्यासारखं.

पण एक गोष्ट नंबरात बसत नाही. बॅटवाला चेंडू मारून बेसवर पोचला, तर ती त्याची हिट की फिल्डरची चूक? इथं चुकीला एरर म्हणतात. हे कोण ठरवतं? अंपायर नाही. कोच नाही. स्कोअर लिहिणारा ठरवतो. एकटा. पेन्सिल टेकवायची की झालं.

आता डॅरिल. बत्तीस वर्षांचा, डावखुरा, लोकांच्या घरांवर छपरं घालायचा. आधीची पाच वर्षं तो आमच्याकडं खेळत होता, बरा होता, बस. मग त्या हिवाळ्यात त्यानं काय केलं देव जाणे. मे महिन्यात पहिल्या सामन्याला आला — अजून थंडी होती, शालननं शाल पांघरली होती — आणि त्याचा चेंडू बॅटपर्यंत सरळ येऊन शेवटच्या हातभर अंतरात खाली बसायला लागला. म्हातारा माणूस खुर्चीत बसतो तसा. बॅटवाले वरून मारायचे आणि चेंडू जमिनीवरून घरंगळत जायचा. पुन्हा पुन्हा तेच. पहिल्या सामन्यात समोरच्यांची एकही रन नाही. मी वही पिशवीत ठेवली आणि घरी जाऊन परत उघडून बघितली. दुसऱ्या सामन्यात एक रन. तिसऱ्यात शून्य. चौथ्यात शून्य.

तुम्ही कधी एखादी गोष्ट तुमच्या डोळ्यांसमोर मोठी होताना बघितलीय का? आणि ती तुम्हीच लिहिताय? मी सोमवारी सकाळी आकडे गावच्या छोट्या पेपरला फोनवर सांगायचो, मंगळवारी ते छापून यायचे. जूनपर्यंत आमच्या मैदानावर तीस-चाळीस माणसं यायची. जुलैत दोनशे. शेजारच्या गावांतले लोक लॉन चेअर घेऊन आले. पार्किंग लॉट भरला म्हणून गाड्या चर्चच्या गवतावर. डॅरिलनं वर्षात एकही सामना अर्धवट सोडला नाही. आला की नऊच्या नऊ इनिंग टाकायचा. जुनी माणसं टेबलापाशी येऊन मला विचारायची, किती झाल्या? मी सांगायचो. ती मान हलवत जायची. त्या लीगमध्ये सबंध वर्षात सामन्याला सरासरी एकपेक्षा कमी रन देणारा पिचर कुणाच्या आठवणीत नव्हता. कुणाच्याच. आणि नऊ सामने झाले तेव्हा आमच्या डॅरिलनं दिल्या होत्या आठ.

आमच्या डॅरिलनं. बघा, अजून तोंडात तेच येतं.

हे सगळं पेपरात आलं. जे पेपरात आलं नाही ते सांगतो. डॅरिलचा चेंडू खाली बसायचा, बॅटवाले तो जमिनीवरून मारायचे, तर तो जायचा कुठं? बहुतेक सहाकडं. माझी त्या वर्षीची पानं बघा — सहा-तीन, सहा-तीन, सहा-तीन. मुंग्यांची रांग लागावी तसं. सहा नंबरला उभा असायचा लेन. एक्केचाळीस वर्षांचा, शाळेची बस चालवायचा. डोक्यावर केस नाहीत, पोट थोडं सुटलेलं, पण चेंडू यायच्या आधीच तो तिथं असायचा. कसा, ते विचारू नका. तो धावताना दिसायचाच नाही. बघावं तर तिथं उभा. डॅरिलच्या आकड्यांतला निम्मा लेन होता. हे डॅरिलला माहीत नव्हतं, लोकांना माहीत नव्हतं. माझ्या पेन्सिलीला माहीत होतं.

आणि शालनला.

शालन सातवी शिकलेली, माझ्यापेक्षा तीन यत्ता पुढं, आणि ते ती विसरू द्यायची नाही. ती दर रविवारी यायची. मी जाळीमागच्या टेबलावर. ती लांब, पहिल्या बेसच्या बाजूला मेपलच्या झाडाच्या सावलीत, मांडीवर परसातली मेथी घेऊन निवडत बसायची. तिची खुर्ची गाडीतून काढून सावलीत मांडायचा कोण? लेन. न सांगता. "गुड सीट फॉर मिसेस पी," म्हणायचा. पाटील त्याच्या जिभेवर बसायचं नाही. ती त्याला बसवाला म्हणायची. डॅरिलचं तिला फार कौतुक नव्हतं. म्हणायची, "तो नुसता फेकतोय. निस्तरतोय कोण? बसवाला."

जुलैत एकदा गाडीत तिनं मला विचारलं, "अहो, बसवाल्याची अजून एकपण चूक नाही ना?"

मी घरी येऊन वही काढली. पहिल्या पानापासून बघितलं. डॅरिलचे सामने, दुसऱ्या पिचरचे सामने, सगळे. खरंच नव्हती. एकही नाही. शॉर्टस्टॉपला जेवढे चेंडू येतात तेवढे मैदानात क्वचितच कुणाला येतात, आणि इथं दगडगोट्यांचं मैदान, आणि हा एक्केचाळीस वर्षांचा बसवाला — एकही चूक नाही. मी सोफ्यावरून ओरडलोच. पेपर चुका छापत नाही. फक्त मारणाऱ्यांचं आणि पिचरचं छापतो. लेनला स्वतःलाही माहीत नसणार, चुका कोण मोजत बसतो? अख्ख्या गावात ते दोघांनाच माहीत होतं. तिला आणि मला.

मी म्हटलं, रविवारी सांगतो त्याला. तर शालननं माझ्या दंडाला धरलं. "अजिबात नाही. दृष्ट लागेल. हंगाम संपू द्या, मग मी सांगेन. लाडू करून देईन आणि सांगेन."

आता गंमत बघा, या खेळात पण तेच आहे. पिचर चांगला चालला असला तर त्याच्याशी कुणी बोलत नाही, त्याच्या शेजारी बसत नाही, आकडा तोंडातून काढत नाही. गोरे लोक दृष्ट मानत नाहीत म्हणे. मानतात, नाव घेत नाहीत एवढंच. म्हणून मला शालनचं पटलं. आम्ही दोघं गप्प राहिलो. ऑगस्टभर दर रविवारी लेननं चेंडू उचलला की ती लांबून माझ्याकडं बघायची आणि मी पेन्सिल वर करायचो. तेवढंच. साठी उलटलेली दोन माणसं, आणि सगळ्या मैदानात चोरून इशारे. तिच्याबरोबरचे माझे सगळ्यात चांगले रविवार ते.

मी वळसे घालतोय, मला कळतंय. पण एक अजून सांगायचंय.

आमच्या इथल्या मराठी मंडळात सगळे डॉक्टर, प्रोफेसर, इंजिनीयर. चांगली माणसं, कुणी कधी वाईट बोललं नाही. पण गणपतीला जेवणाच्या पंगतीत कॉलेजच्या गप्पा निघाल्या की मी वाढायला उठायचो. तीस वर्षं वाढायला उठलोय मी. आणि त्या ऑगस्टमध्ये मंडळाच्या पिकनिकला एक हार्टचे डॉक्टर हातातली प्लेट घेऊन माझ्याकडं आले. म्हणाले, "काय पाटील, तुमचा पिचर काय म्हणतोय? होणार का रेकॉर्ड?" मग आणखी दोघं आले. मी उभा राहून समजावलं — फिल्डरच्या चुकीमुळं आलेली रन पिचरच्या नावावर लागत नाही, बाकीच्या लागतात, शेवटच्या सामन्यात एक दिली तरी चालेल, दोन दिल्या तर दहा सामन्यांत दहा, म्हणजे बरोबर एक, आणि मग गेलं. हार्टचा डॉक्टर माझ्याकडून शिकत होता. कुणीतरी मला भजी आणून दिली. मला. आणून.

हे कारण म्हणून सांगत नाही. घडलं त्या क्रमानं सांगतोय.

शेवटचा रविवार. सप्टेंबर, दुपारचं लख्ख ऊन. माणसं किती होती मोजली नाहीत, पण कुंपणाला कोपर टेकायला जागा नव्हती. डॉक्टर बायकोमुलांना घेऊन आले होते. डॅरिलनं पहिल्या इनिंगला आलेल्या तिघांना तसंच परत पाठवलं. दुसरी, तिसरी, तशीच. सहा-तीन, सहा-तीन. पाचव्या इनिंगला माझी पेन्सिल तुटली, एवढं दाबून लिहीत होतो. सातवी संपली तेव्हा आम्ही तीन, ते शून्य. माझ्या शर्टाची पाठ ओली. असं काही परत होणार नाही, हे मला तेव्हाच कळत होतं, तुम्हाला सांगतो.

आठवी इनिंग. दोन बाद. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर त्यांची दोन माणसं. आणखी एक बाद केला की सुटलो. डॅरिलनं टाकला, चेंडू खाली बसला, बॅटवाल्यानं जमिनीवरून मारला, आणि तो निघाला सरळ लेनकडं. लेन तिथं होताच. गुडघे वाकवून, हातमोजा जमिनीला लावून. मी सहा लिहायला पेन्सिल टेकवली पण होती.

आणि चेंडू उडाला. लेनच्या हातमोज्यापासून दोन हातांवर, सुपारीएवढ्या दगडावर आपटला आणि उडाला. त्याच्या खांद्यावरून मागं गवतात. बेसवरचे दोघंही धावत आले, दोन रन. तीन-दोन.

मी दगड बघितला. नीट ऐका — दगड मी बघितला. चेंडू कुठं आपटला, खडा कुठं उडाला, सगळं. तीस वर्षं केसभराचा फरक बघितलेले डोळे आहेत हे. असा उडालेला चेंडू फिल्डरच्या माथी मारत नाहीत, तो नियम मला पाठ आहे. ती हिट होती. हिट म्हणजे दोन्ही रन डॅरिलच्या. आठ आणि दोन दहा.

डॅरिलनं वळून माझ्या टेबलाकडं बघितलं. नुसतं बघितलं. त्यानं काही मागितलं नाही, त्याच्यावर ढकलायचं नाही मला. डॉक्टर कुंपणापाशी माझ्याकडं बघत होते.

मी ई लिहिला. आणि पुढं सहा. चूक, शॉर्टस्टॉप.

केवढा वेळ लागला असेल? शिंकायला लागतो तेवढा.

पुढच्याला डॅरिलनं बाद केलं. नवव्या इनिंगचा शेवटचा चेंडू पण लेनकडंच आला. त्यानं उचलला, फेकला, सहा-तीन, संपलं. डॅरिल धावत टेबलापाशी आला. "आठ का दहा?" मी म्हटलं, आठ. त्यानं जाळीच्या बाजूनं येऊन मला खुर्चीसकट उचललं. उचललं, खरंच. लोक माझ्या पाठीवर थापा मारत होते. डॉक्टरांनी माझा हात हातात घेऊन हलवला. मी हसत होतो. खोटं नाही हसत — आनंद खराच झाला होता मला, अंगात मावत नव्हता. हेच तर सांगायला इतकी वर्षं जमलं नाही. वाईट वाटायला हवं होतं ना? त्या घडीला अजिबात वाटलं नाही.

गर्दी पांगल्यावर लेन आला. खांद्यावर बॅटींची पिशवी. "मिस्टर पी, वॉज दॅट वन ऑन मी?"

त्यानं भांडायला विचारलं नव्हतं. चूक आपली होती का, हे त्याला जाणून घ्यायचं होतं, एवढंच. मी तेव्हाही खोडू शकलो असतो. वही माझ्याकडंच होती, आणि पेपरला आकडे दुसऱ्या दिवशी सकाळी सांगायचे होते. मी म्हटलं, "येस, लेन."

तो मैदानाकडं बघत राहिला. म्हणाला, मला वाटलं चेंडू उडाला. मग म्हणाला, तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार, तुमची नजर चांगली आहे, माझीच आता गेली बहुतेक. आणि टोपीला हात लावून गेला. जाता जाता शालनची खुर्ची घडी करून आमच्या गाडीत ठेवून गेला.

गाडीत शालन पट्टा लावायच्या आत म्हणाली, "चेंडू दगडावर आपटला. मी तिथनं बघितला. त्याला चूक दिली नाही ना तुम्ही?"

"नाही. हिट लिहिलीय."

"मग डॅरिलचं?"

"त्याचंपण झालं. बसतंय त्याच्यात."

तिला ते रनांचं गणित यायचं नाही. ते तिनं माझ्यावर सोडलं होतं. तिनं टाळी वाजवली. मोठ्यानं. "दोघांचंही झालं म्हणा की." सगळ्या रस्त्यानं बोलत होती, खिडकीतनं हात बाहेर काढून वारा घेत होती. बासष्ट वर्षांची बाई. घरी येऊन चप्पल काढायच्या आधी तिनं रव्याला तूप लावायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी रव्याचे लाडू, दह्याच्या रिकाम्या डब्यात, वरून रबर बँड लावून. तिला स्वतः जायचं होतं. मीच म्हटलं, तुझं इंग्लिश अर्ध्यात अडकेल, मी सांगतो त्याला नीट. ती लाजली आणि कबूल झाली. दारापर्यंत येऊन मला पढवत होती — "म्हणावं, सबंध वर्षात एकपण चूक नाही. म्हणावं, आम्ही दोघांनी मोजलं. म्हणावं, दृष्ट लागेल म्हणून आधी बोललो नाही."

लेन पोर्चवर बसला होता. मी डबा दिला. म्हटलं, "फ्रॉम माय वाइफ." एवढंच. पुढचं काही नाही.

त्यानं झाकण उघडून बघितलं आणि बाहीनं डोळे पुसले. मग म्हणाला, तिला थँक यू सांगा. म्हणाला, माझ्यामुळं डॅरिलचं जाणार होतं, थोडक्यात वाचलं, आणि तुमच्या बायकोला माझंच वाईट वाटलं. सांत्वनाचे समजला तो. शाबासकीचे लाडू होते, त्यानं सांत्वनाचे म्हणून खाल्ले.

घरी शालन दारातच उभी. "काय म्हणाला?"

मी म्हटलं, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. ते खरं होतं.

लेन पुढच्या वर्षी आला नाही. कोच सांगत होता, डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत म्हणतो. त्याच डोळ्यांनी तो पुढं पाच वर्षं बस चालवत होता, पोरं घेऊन, बर्फातनं. डोळ्यांना काय झालं होतं? काही नाही. माझ्या एका ई-नं त्याचा स्वतःच्या हातांवरचा भरवसा गेला. डॅरिलचा आकडा क्लबहाऊसच्या भिंतीवर पाटीवर आहे. आठ. मीच सांगितला कोरणाऱ्याला.

आणि शालन ती गोष्ट सगळ्यांना सांगत सुटली. मंडळातल्या बायकांना, देवळात, तासगावला बहिणीला फोनवर. इथंच कॅनडात, कनाटा गावात लेक आहे आमची, तिच्या पोरांना सुद्धा — पोरं इंग्लिशमध्ये उत्तरं द्यायची, ही मराठीत सांगत राहायची. डॅरिलची नाही, बसवाल्याची. एक माणूस होता, त्यानं सबंध उन्हाळ्यात एकही चूक केली नाही, आणि कुणाला पत्ता नव्हता, फक्त आम्हाला. मी शेजारी बसून ऐकायचो. ती माझ्याकडं वळून म्हणायची, "हो ना हो?" मी म्हणायचो, हो. सहा वर्षं म्हटलं. हॉस्पिटलात नर्सला सांगत होती, नळी लावलेल्या हातानं बोट वर करून, "नो मिस्टेक. नॉट वन." नर्सनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

तेव्हा तरी? तेव्हा काय अडलं होतं? पाटी अडली होती का माझी? डॉक्टर अडले होते का? तिच्या तोंडावरचा तो आनंद मोडवेना म्हणून गप्प बसलो, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. तेही खोटंच. मला तिनं माझ्याकडं कसं बघितलं असतं, त्याची भीती होती. बास.

तिच्या शेवटच्या दर्शनाला फ्युनरल होममध्ये मंडळातले सगळे आले. आणि सगळ्यात मागं, टोपी हातात धरून, लेन. थकल्यासारखा दिसत होता. पेपरात वाचलं म्हणाला. शालनजवळ जाऊन उभा राहिला, मग माझ्याकडं आला. म्हणाला, मिसेस पी माझ्याशी फार चांगली वागली, माझ्या सगळ्यात वाईट आठवड्यात ती एकटीच होती जिनं काही पाठवलं. ते मी विसरलो नाही.

ती समोर झोपलेली. तो समोर उभा. मी बोललो असतो तर दोघांच्याही देखत झालं असतं.

मी म्हटलं, "थँक यू, लेन."

तो इथनं गाडीनं दहा मिनिटांवर राहतो. लाडू दिल्यानंतर या सगळ्या वर्षांत मी एकदाही त्याच्याकडं गेलो नाही. वही बेसमेंटमध्ये आहे. काल वर आणली. तो ई मी तेव्हा इतका दाबून लिहिलाय की कागदाच्या मागून हाताला लागतो.

तर त्या दिवशी जे घडलं ते असं. आठवी इनिंग, दोन बाद. चेंडू दगडावर आपटून उडाला. हिट. दोन रन, दोन्ही डॅरिलच्या. दहा सामन्यांत दहा. लेन, नंबर सहा, सबंध हंगामात चुका — एकही नाही. शालननं मेपलखालून बरोबर बघितलं होतं.